आत घेतलेली स्टेपनी

बालाजी कधी हॉर्न वाजवत नसे. गुरुवारी सकाळी आकुर्डीला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी यायचा, इंजिन बंद करायचा आणि गप्प बसून राहायचा. मी खिडकीतून डोकावलं की खाली त्याची जुनी, मातकट हिरव्या रंगाची जीप उभी दिसायची. किती वेळची उभी आहे ते कळायला मार्ग नसे. "अरे, निदान फोन तरी करावास," म्हटलं की म्हणायचा, "तू येणार हायसच की. मग उगं कालवा कशाला?" त्यामुळे त्या गुरुवारी मी खाली उतरलो आणि गाडी दिसली नाही, तेव्हा मनात काही वावगं आलं नाही. डिझेल भरायला थांबला असेल म्हटलं आणि वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो. मग फोन वाजला. नाव बालाजीचंच होतं, म्हणून मी नेहमीचा खवचटपणा सुरू केला, "काय साहेब, आज वाट वाकडी करून फोन?" पलीकडे त्याची मुलगी होती, प्रणाली. "काका… बाबा गेले. पहाटे. झोपेतच…" पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही. वॉचमनने "साहेब, आज गाडी नाही आली?" असं विचारलेलं तेवढं आठवतं, आणि मी त्याला "येईल" म्हणालो, तेही.

त्याला आता दोन महिने होत आले. लिहू की नको करता करता आज बसलोय, कारण आज गुरुवार आहे आणि घरात कोणी नाही. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्यांना गुरुवारचं दुःख कळायचं नाही. सगळ्या जगाला रविवारी सुट्टी, आणि आमच्याकडच्या कितीतरी कंपन्यांना गुरुवारी. बायको शाळेत शिकवायला, मुलगा शाळेत शिकायला, शेजारी ऑफिसात, आणि आपण घरात एकटे, पंख्याखाली, कालचंच वर्तमानपत्र पुन्हा वाचत. लग्नं, बारशी, गेट-टुगेदर सगळी रविवारी. तेव्हा आपण मशीनपाशी. मी चाकणच्या कंपनीत स्टोअर्समध्ये जन्म काढला आणि त्यातले सुरुवातीचे कितीतरी गुरुवार मी अक्षरशः झोपून घालवले. सुट्टीच्या दिवसाची भीती वाटावी असं ते एकटेपण होतं. ते बालाजीमुळे संपलं असं मी समजत होतो. ते संपलं नव्हतं, लांबणीवर पडलं होतं, हे आता कळतंय.

आमची ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. माझ्या शेजारची काच खडखडत होती. खरं सांगायचं तर मला ती ऐकूही येत नव्हती, कारण कंपनीच्या बसमध्ये काय खडखडत नाही? पुढच्या सीटवरचा एक उंचापुरा, काळासावळा माणूस उठला, माझ्या हातातल्या वर्तमानपत्राचा कोपरा न विचारता फाडला, त्याची घडी घालून काचेच्या फटीत दाबली आणि म्हणाला, "आता बरं वाटूलालंय का?" मी कोकणातला. आमच्याकडे माणसं परक्याचा पेपर फाडत नाहीत, आणि फाडलाच तर आधी दोन शब्द तरी सुनावतात. मी म्हणालो, "मला आधीही बरंच वाटत होतं." त्यावर तो मनापासून हसला. "मला वाटत नव्हतं ना," म्हणाला. बालाजी बिराजदार, मुक्काम चिंचवड, मूळ गाव लातूरकडचं. त्याचं "करूलालास", "येऊलालंय" समजायला मला काही महिने लागले, आणि माझ्या नाकातल्या बोलण्याची त्याने आयुष्यभर नक्कल केली.

त्याचं कामच तसं होतं. आमच्या कंपनीत तयार झालेली गाडी बाहेर पडण्याआधी एका मुद्दाम वाईट बांधलेल्या रस्त्यावरून फिरवतात. खड्डे, दगड, गतिरोधक, सगळं एका जागी. बालाजी तिथे गाडी चालवायचा. रेडिओ बंद, एसी बंद, मान किंचित उजवीकडे कललेली. कुठे काय वाजतंय ते ऐकायचं, एवढंच काम. मग ती सवय त्याच्या अंगात इतकी मुरली की घरीदारी काही खडखडलेलं त्याला सोसेना. हॉटेलात बसलो की आधी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा ताटावरून उठून त्याने खिडकीची खिट्टी घट्ट केली आणि परत येऊन वरण-भात पुढे चालू केला. आमची ही म्हणाली, "भावजी, कुकरची शिट्टी चालेल ना?" म्हणाला, "ती चालती. तिला काम हाय." गंमत म्हणजे सगळ्या जगाची खडखड ऐकू येणारा हा माणूस झोपला की असा घोरायचा की मंगलवहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या घोरण्याला कोण घडी लावंल?"

जीप त्याने जुनी घेतली होती. चारही चाकांना ताकद मिळणारी, तीन दारांची, मागे दोघांपुरती लहानशी सीट. चाकण ओलांडून पुढे धरणाच्या मागच्या अंगाला गेलं की डांबर संपतं आणि मातीच्या वाटा सुरू होतात. ओढे, घसरडे चढ, मुरुमाचे माळ. आम्ही काही शूरवीर नव्हतो. इंटरनेटवर लोक चिखलात गाड्या उडवतात तसले उद्योग आमचे नव्हते. हळू जायचं, एखाद्या माळावर थांबायचं, चहा करायचा, परत यायचं. मला चारचाकी चालवता येत नाही. त्याने शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मी म्हणायचो, शेजारी बसणं हेही काम आहे आणि ते सगळ्यांना जमत नाही.

गाडीत एकच खोट होती. या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर बाहेरून लटकवलेली असते. बालाजीने खराब रस्त्यासाठी मोठी, जड टायरं घातली आणि ते वजन मागच्या दाराला पेलेना. बिजागऱ्या सैल पडल्या. माळावर गाडी निघाली की पाठीमागे कोणीतरी पिंप वाजवत येतंय असं वाटायचं. बालाजीने बिजागऱ्या बदलल्या, रबरं घातली, दाराला आतून पट्टा ओढला. आवाज जाईना. एका गुरुवारी माळावर चहा पिता पिता तो बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सावंत, हिला आत घेऊ."

"कोणाला?"

"स्टेपनीला. भाईर लटकून राह्यली म्हणून बोंबलूलालीय. आत घरात घेतली की गप बसंल."

मग आमचे कितीतरी गुरुवार त्या कामात गेले, आणि आज मागे वळून बघताना ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस वाटतात. आधी मागची सीट काढली. ती अख्खीच निघते, अर्धी ठेवता येत नाही. मंगलवहिनींनी गॅलरीतून विचारलं, "मंग मी काय टपावर बसू का?" त्यांना त्या गाडीत मळमळायचं, त्या एरवीही बसायच्या नाहीत, पण विचारायचा हक्क त्यांनी सोडला नाही. "म्हंजे आता तुमी दोघंच," त्या म्हणाल्या. खरंच, त्या दिवसापासून ती गाडी दोघांची झाली. एक चालवणारा, एक शेजारी बसणारा, आणि मागे स्टेपनी.

सुरुवातीला आम्ही टायर डाव्या अंगाला उभं करून नुसतं पट्ट्याने बांधलं. पहिल्याच उतारावर ते सरकलं आणि माझ्या सीटच्या पाठीवर असं आदळलं की दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. "जोरात ब्रेक मारला तर हे मानगुटीवर येणार," तो म्हणाला आणि त्याने गाडी चालण्याच्या वेगाने घरी आणली. मग ठरलं, टायर बांधायचं नाही, बसवायचं. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून जाड पत्र्याचा एक आधार करून आणला. गाडीच्या तळाला भोकं पाडून तो आरपार बोल्टने आवळायचा, आणि खालून आणखी एक पट्टी द्यायची, म्हणजे ओढ बसली तरी तळ फाटायचा नाही. भोकं पाडण्याआधी बालाजी गाडीखाली शिरून डिझेलची टाकी कुठे संपते, ब्रेकची नळी कुठून जाते ते बघत होता आणि मी वरून बॅटरी धरून उभा होतो. भोकांच्या कडांना गंज चढू नये म्हणून लाल रंग. टायर आणि पत्रा यांच्यात रबर. मधोमध एक दांडा, त्यावर जाड चकती आणि नट. मी स्टोअर्सचा माणूस असूनही यातला एक वायसरसुद्धा कंपनीतून आलेला नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा. मला त्यात संशयाचा वास यायचा.

आणि मग टायरच्या पोटात, तो जो खोलगट भाग असतो ना, तिथे त्याने चहाचा डबा बसवला. छोटी शेगडी, चहा-साखरेच्या डब्या आणि स्टीलचे दोन पेले. पेल्यांना त्याने कंपनीच्या जुन्या मोज्यांचे तुकडे चढवले, एकात एक बसवले आणि डब्यात त्यांच्यापुरता एक कप्पा केला. दोन पेले तिथे असे रुतून बसायचे की डबा उलटा करून हलवला तरी आवाज नाही. हे त्याने मला निदान दहा वेळा हलवून दाखवलं असेल. जॅक आणि पाना टायर आणि गाडीची भिंत यांच्या मधल्या फटीत, गोणपाटात गुंडाळून, ठासून. काही म्हणून वाजायला जागा उरली नाही.

सगळं झाल्यावर पहिल्यांदा माळावर गेलो तो दिवस मला स्पष्ट आठवतो. सगळ्यात वाईट वाटेने त्याने मुद्दाम गाडी नेली. वर पोहोचल्यावर इंजिन बंद केलं आणि मान उजवीकडे कलवून म्हणाला, "ऐक."

मी ऐकलं. "काय?"

"काय नाही. हेच."

लहान मुलासारखा आनंद झाला होता त्याला.

ते कौतुक फार दिवस टिकलं नाही. एकदा भीमाशंकरच्या बाजूच्या एका आडवाटेवर पुढचं टायर बसलं. बालाजी जरासा खूशच झाला. आत घेतलेल्या स्टेपनीची परीक्षा आली ना. बाह्या सरसावून तो मागे गेला तो परत येईचना. मी जाऊन बघितलं. स्टेपनीचा नट इतका आवळलेला होता की पान्याशिवाय ढिम्म हलणार नव्हता. आणि पाना स्टेपनीच्या मागे होता. फटीत हात मनगटापर्यंत जायचा, बोटांना गोणपाट लागायचं, पाना नाही. एकाने आयुष्यभर गाड्या तपासलेल्या, दुसऱ्याने आयुष्यभर कुठली वस्तू कुठे ठेवायची हेच केलेलं, आणि दोघांनी मिळून कुलपाची किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं होतं. त्या वाटेवर मोबाइलला रेंज नव्हती. चहाचं सामान मात्र अगदी हाताशी होतं, तेव्हा आम्ही चहा केला.

त्या चहावर तो पहिल्यांदा आणि शेवटचं ते बोलला. मी सहज म्हणालो होतो, "बालाजी, एवढं काय रे त्या आवाजाचं? थोडं खडखडलं तर काय बिघडतं?" तो पेल्यातल्या चहाकडे बघत राहिला. "भूकंप झाला ना आमच्याकडं… गणपती बोळवून उशिरा आलतो. घरच्यांना उठवावं कशाला म्हणून भाईरच आंगणात पडलतो. आधी भांडी वाजली बघ. मांडणीवरची. खडखड, खडखड. मला वाटलं, माय उठली असंल चहा ठिवायला…" मग थांबला. "मग बाकीचं झालं." आई आणि धाकटी बहीण, दोघी गेल्या. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. मी त्याच्या पेल्यात माझ्यातला थोडा चहा ओतला, आणि तो प्यायला. यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही. त्याच्याकडचे कितीतरी लोक तेव्हा इकडे आमच्या पट्ट्यात कामाला आले, सगळे काही खिट्ट्या घट्ट करत फिरत नाहीत. पण त्यानंतर मी त्या सवयीची टिंगल केली नाही.

दुपारी एक कांद्याचा टेम्पो आला, चाकणच्या बाजाराकडे निघालेला. चालक खेडकडचा, तोंडात तंबाखू. काच खाली करून म्हणाला, "काय झालं राव?"

"पाना आहे का?" मी विचारलं.

"हाय की. पन तुमचा कुटं हाय?"

"टायरच्या मागे."

"मंग टायर काढा की."

"ते काढायला पाना पाहिजे."

त्याने तंबाखू थुंकली, खाली उतरला, आमची रचना नीट वाकून बघितली, आमच्या दोघांच्या पिकलेल्या केसांकडे बघितलं आणि आमच्याच जीपच्या दाराला धरून हसला. बालाजी इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. नुकतंच जे बोलला होता त्याचं काही त्या पाण्यात होतं का, मला ठाऊक नाही. तेव्हापासून पाना माझ्या सीटखाली आला. "सावंत, तू स्टोअर्सचा ना? सांभाळ," असं म्हणून त्याने तो माझ्या ताब्यात दिला.

आम्ही दोघं थोड्या अंतराने निवृत्त झालो. आता सगळेच वार मोकळे होते, पण आम्ही गुरुवार सोडला नाही. मी एकदा म्हटलं, मंगळवारी जाऊ या, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी श्राद्धाच्या दिवशी मटण मागितलंय. शेवटच्या गुरुवारीही आम्ही गेलो होतो. काही वेगळं घडलं नाही. परत येताना चाकणच्या चौकात ट्रकांच्या मागे अडकलो होतो आणि तो म्हणाला, "पुढल्या येळी आलं जास्त टाकू." मी "बरं" म्हणालो. आमचं शेवटचं बोलणं आल्याबद्दल झालं.

स्मशानात कंपनीतले पुष्कळ जण आले होते. एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "सगळ्या गाड्यांची खडखड ऐकली, स्वतःच्या काळजाची ऐकली नाही बघा." वाक्य त्याने घरूनच तयार करून आणलं असावं. माझं टाळकं फिरलं. "काळजाला नट-बोल्ट नसतात," म्हणालो आणि लांब जाऊन उभा राहिलो. लोकांना मेलेल्या माणसाबद्दल शोभिवंत बोलायचं असतं. मला तो हवा होता, बाकी काही नको होतं.

दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी प्रणालीचा फोन आला. ती हिंजवडीला आयटीत आहे, मारुंजीला भाड्याने राहते, पदरी दोन वर्षांचा मुलगा. म्हणाली, "काका, बाबांची गाडी विकायची नाही मला. मीच वापरीन. पण आरवची सीट मागे बसवावी लागेल. स्टेपनी पुन्हा दाराला लावायची आणि जुनी सीट परत घालायची. तुम्ही असाल तरच जमेल… तुम्हाला वाईट वाटेल का?" मी म्हटलं, "छे, वाईट काय?" तिचं काही चुकत नव्हतं. पोरगं बसायला पाहिजे, टायर नाही, हे मलाही कळतं. पण ती गाडी दोघांची होती तोवर जगात माझी म्हणून एक जागा होती. ती जागा माझ्याच हाताने मोडायची होती.

काम रविवारी ठरलं, तिला रविवारी सुट्टी म्हणून. रविवारी त्या गाडीचं मागचं दार मी पहिल्यांदाच उघडत होतो. चिंचवडला त्यांच्या पार्किंगमध्ये सगळा बिल्डिंगचा राबता, पोरांचं क्रिकेट. मी माझ्या सीटखालून पाना काढला आणि प्रणालीच्या हातात दिला. लाजेने सांगतो, मला आतून वाटत होतं की काहीतरी अडावं. एखादा बोल्ट हरवलेला असावा, एखादं भोक बुजलेलं असावं, म्हणजे हे काम पुढच्या रविवारवर जाईल, आणि मग त्याच्या पुढच्या. माळ्यावरून सीट खाली आली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, नवीच्या नवी. तिच्या पायाला एक कापडी पुरचुंडी बांधलेली होती. सोडली तर आत सीटचे सगळे बोल्ट, तेल लावून ठेवलेले, एकही कमी नाही. दाराची भोकं त्याने रबराच्या बुचांनी बंद करून ठेवली होती, ती काढली आणि स्टेपनीचा दारावरचा जुना आधार जिथल्या तिथे बसला. बालाजीने काही अडू दिलं नाही.

टायर निघाल्यावर तळाचा तेवढा तुकडा स्वच्छ, मूळ रंगाचा दिसला. प्रणाली त्याच्याकडे बघत थांबली, मी उगाच कापडाने पाना पुसत बसलो. मंगलवहिनी खाली आल्या होत्या. त्यांनी चहाचा डबा उचलून माझ्या हातात ठेवला. "ह्यो तुमी न्या, भावजी. आमच्यात कुणी एवढा चहा पीत नाही." त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, आणि मीही न बघता घेतला.

दुपारपर्यंत आरवची सीट लागली आणि तो तिच्यात राजासारखा बसला. वहिनी काही दिवस लेकीकडे जाणार होत्या. त्या पुढे बसल्या, माझ्या जागेवर. त्यात काही गैर नव्हतं, ती आधीपासून त्यांचीच होती. गाडी फाटकाशी गतिरोधकावरून गेली आणि मागचं दार खडखडलं. गाडी थांबली. प्रणालीने इंजिन बंद केलं, मान खिडकीतून बाहेर काढली. किंचित उजवीकडे कलवून ती क्षणभर तशीच थांबली. "आवाज येतोय, काका."

"येऊ दे," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच निघाला. "सावकाश जा."

हे सगळं मागच्या रविवारचं. आज सकाळी ही शाळेत गेली आणि नेहमीच्या वेळेला मी कपडे करून बसलो होतो, सवयीने. मग उठलो, म्हटलं स्कूटरवर जाऊन येऊ. माळापर्यंत पोहोचता येतं, शेवटचा चढ तेवढा चालायचा. चहाचा डबा डिकीत टाकला. एकट्याला दोन पेले कशाला, म्हणून एक काढून ओट्यावर ठेवला. सोसायटीच्या फाटकापाशीच डिकी बोलायला लागली. खडखड, खडखड. थांबलो, डब्यात रुमाल कोंबला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. टपरीवरून वर्तमानपत्राचा कागद घेतला, घडी घालून पेल्याशेजारी दाबली, बालाजीसारखी. तरी पेला गप्प बसेना. तो कप्पा दोन पेल्यांच्या मापाचा होता, एका पेल्याला त्यात आधारच नव्हता. कानाआड करायचा प्रयत्न केला. ज्याला बसची काच कधी ऐकू आली नव्हती, त्या मला आता दुसरं काही ऐकूच येईना. शेवटी वळलो.

घर रिकामं होतं. ओट्यावरचा पेला उचलला, त्याला त्याचा मोजा चढवला, दुसऱ्याच्या पोटात बसवला आणि झाकण लावून डबा कानाशी हलवून बघितला. त्यानंतर चाकणपर्यंत आणि चाकणपासून माळाच्या पायथ्यापर्यंत डिकीतून हूं का चूं झालं नाही.

वर वारा होता. खाली धरणाचं पाणी होतं. "ऐक" म्हणणारं कोणी नव्हतं, तरी मी मान कलवून ऐकलं. काहीच आवाज नव्हता. एवढ्या खटपटीने आम्ही दोघांनी मिळून मिळवलेली ती शांतता आता सगळी माझ्या एकट्याच्या वाट्याला आली होती आणि मला ती नको होती. मी शेगडी पेटवली. आलं जास्त टाकलं. दोन्ही पेल्यांत चहा ओतला आणि माझा प्यालो. दुसरा त्याच्या बाजूच्या दगडावर ठेवला होता, तो पार निवेपर्यंत थांबलो. मग तोही प्यालो. चहा फेकलेला त्याला खपत नसे.